खिळा न घेणारी भिंत

आमच्या नव्या घराची भिंत खिळा घेत नाही, हे मला राहायला आल्यावर कळलं. घर घेताना मी नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून-लावून पाहिल्या, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते कुठं जातं तेही पाहिलं. भिंतीवर मात्र नुसती थाप मारली आणि "मजबूत आहे" म्हणालो. खिळा ठोकून बघावा असं कुणाच्या मनात येतं? दाखवायला आलेला माणूस मोठ्या तोऱ्यात सांगत होता, की या बिल्डिंगीत वीट औषधालाही नाही. आतल्या-बाहेरच्या सगळ्या भिंती साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या. ते ऐकून माझ्या बायकोचा चेहरा उजळला. ती लातूरकडची. भूकंपाच्या साली ती कॉलेजात होती. त्यांच्या गल्लीतली दगडमातीची घरं खाली बसली आणि पुढं कित्येक दिवस घरातली माणसं अंगणात पत्र्याखाली झोपली. तेव्हापासून ती कुठल्याही घरात शिरली की आधी भिंतीकडं बघते, मग माणसांकडं. तिनं तिथंच सांगून टाकलं, "अहो, हेच घ्यायचं." घेतलं. जुळे सोलापूर भागात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चालू असली तर लिफ्टसकट.

मग अव्वाला आणलं. अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही लिंगायत, तिचं माहेर अक्कलकोटच्याही खाली, कर्नाटकाला लागून, त्यामुळं आमच्या घरात आईला अव्वाच म्हणतात. माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. मी शाळेतही जात नव्हतो तेव्हा ते गेले. त्यांच्या जागेवर अव्वा कामाला लागली, तिथंच मला वाढवलं, तिथंच रिटायर झाली आणि नंतरही तिथंच एकटी राहिली. मी सोलापुरात शाळेत भूगोल शिकवतो. दर रविवारी गाडीनं जायचं, तिला "चल" म्हणायचं, तिनं "बघू की" म्हणायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. यंदा न्हाणीघरात पाय घसरून ती पडली, शेजारणीला भिंत वाजवून बोलवावं लागलं, तेव्हा कुठं ती तयार झाली. मला केवढं बरं वाटलं. ती इथं असावी, सकाळी उठल्यावर तिचा आवाज कानावर यावा, एवढंच मला हवं होतं.

येताना तिनं एक पत्र्याची ट्रंक आणली आणि चादरीत गुंडाळलेला वडिलांचा फोटो आणला. ट्रंक पलंगाखाली सरकवली, पण उघडली नाही. म्हणजे उघडायची, एक लुगडं काढायची, धुऊन वाळलेलं परत घडी घालून आत ठेवायची आणि कडी लावायची. बायकोनं तिच्यासाठी कपाटाचे दोन कप्पे मोकळे केले होते, ते तसेच राहिले. मी म्हणालो, "अव्वा, सामान लाव की कपाटात."

ती म्हणाली, "ह्यांना आधी बसवा भितीवर. मग मी बसते."

मला वाटलं, एवढंच ना? फोटो लावायचा, त्यात काय आहे?

त्या फोटोबद्दल आधी सांगायला हवं. आमच्यात माणूस गेला की त्याला झोपवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती लावून, फुलं वाहून, आणि मूठमातीही बसलेल्या अवस्थेतच देतात. पूर्वी घरात कॅमेरा नसायचा, माणसाचा जिवंतपणी फोटो निघायचा राहून जायचा, मग असा बसवल्यावर कुणीतरी स्टेशनसमोरच्या फोटोवाल्याला बोलावून आणायचं. माझ्या वडिलांचा तेवढा एकच फोटो आहे. मागं रेल्वे क्वार्टरची भिंत, भिंतीत खुंटी, खुंटीला धोतराची पट्टी बांधून त्यांना सरळ ठेवलेलं, आणि डोळे अर्धे मिटलेले. लहानपणी मी समजत होतो की आपले वडील फार झोपाळू होते. रात्रपाळी करून आले असतील आणि फोटोवाल्यानं तसंच बसवलं असेल, असं मी शाळेत एका मित्राला सांगितलंही होतं. खरं काय ते पुढं कळलं, पण माझ्या मनातले वडील झोपाळूच राहिले. दुसरा चेहरा माझ्याकडं नाही.

अव्वा रोज अंघोळ झाली की त्या काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, विभूतीची तीन बोटं ओढायची. हे मी जन्मापासून बघतोय. म्हणजे फोटो नुसता दिसून भागणार नव्हतं, तिच्या हाताला पोचायला हवा होता. चौकट जुनी सागवानी, काच जाड, वजन चांगलंच.

पहिल्या रविवारी मी हातोडी घेतली. कुर्डुवाडीच्या घरात अव्वा वरवंट्यानं खिळे ठोकायची. भिंत मातीची, खिळा गपकन आत जायचा, जास्त हलला तर लाकडाची पाचर कोंबायची. इथं मी पहिला घाव घातला आणि खिळा वाकला. दुसराही वाकला. भिंतीवरचा रंग तेवढा गोल टवका होऊन उडाला. हार्डवेअरच्या दुकानदारानं काँक्रीटचे काळे खिळे दिले. त्यातला एक उडून कुठं गेला ते आजतागायत सापडलेलं नाही. बायको दारात उभी होती. तिनं उडालेल्या रंगाच्या जागेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बघा, भिंतीला काही झालं नाही." तिच्या आवाजात मला जरा जास्तच कौतुक ऐकू आलं.

अव्वा पलंगावरून बघत होती. "कसली भीत म्हणायची ही," ती म्हणाली. "माणसाला जागा द्येत न्हाय."

मग सल्ले सुरू झाले. माझा स्वभाव असा आहे, की एकाला विचारून मला चैन पडत नाही, आणि दोघांना विचारलं की माझं डोकं चालत नाही. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ विणकर घरातले, घरी तेलुगू बोलतात, त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. ते म्हणाले, "सर, भिंतीच्या नादाला लागूच नका. पडद्याच्या पाइपवरून बारीक तार सोडा, तारेला फोटो." मला पटलं. अव्वाला सांगितलं तर ती उखडलीच. "पडद्यासंगट लोंबकाळत ठेवतोस व्हय बापाला?" शाळेतले एक सहकारी म्हणाले, टेबलावर स्टँड ठेवा. मला तेही पटलं. अव्वा म्हणाली, "टेबलावर माझी औषधं असत्यात, पाण्याचा तांब्या असतोय. ह्यांनी काय औषधांची राखण करायची?" दुकानदार म्हणाला, आता कुणी खिळे मारतच नाही, चिकटवायचे हुक आलेत. बायकोला हे फार आवडलं, कारण भिंतीला भोक पडत नव्हतं. मलाही आवडलं. मला सगळंच आवडत होतं, तीच तर अडचण होती.

त्यात भर दिशेची. कुणी सांगितलं, गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावावा. दुसऱ्यानं सांगितलं, छे, फोटोचं तोंड दक्षिणेकडं हवं, म्हणजे भिंत उत्तरेची. दोघंही ठामपणे बोलत होते. अव्वाच्या खोलीत दक्षिणेला खिडकी आहे आणि उत्तरेला दार. मी मोबाईलमधलं होकायंत्र काढलं. खोलीच्या मधोमध ते ठीक चालायचं, भिंतीजवळ नेलं की भरकटायचं, कारण आत लोखंडाची जाळी. मी मुलांना दिशा शिकवतो आणि स्वतःच्या घरात हात लांब करून गरागरा फिरतोय, हे बघून बायको हसू आवरायला स्वयंपाकघरात गेली. शेवटी मी अव्वालाच विचारलं, "कुठल्या दिशेला लावायचा गं?"

"मला पडल्या पडल्या दिसंल तिकडं," ती म्हणाली. "मेलेल्याला कसली आलीय दिशा."

म्हणजे पलंगासमोरची भिंत. निदान एक तरी गोष्ट ठरली.

हुक आणले. पाकिटावर किती वजन पेलेल ते लिहिलेलं होतं, पण छापलेल्यावर माझा विश्वास बसेना, आणि फोटो पडून काच फुटली तर अव्वा काय म्हणेल हा विचार डोक्यातून जाईना. म्हणून आधी परीक्षा घ्यायचं ठरवलं. फोटोच्या वजनाइतकी ज्वारी पिशवीत भरली आणि ती पिशवी हुकाला अडकवली. पहिला दिवस गेला. पिशवी तिथंच. दुसऱ्या दिवशी मी येताजाता तिला जरा जरा दाबून बघत होतो, कारण अव्वाचं बोट रोज काचेला लागणार होतं. बायको म्हणाली, "राहिली की हो. लावा आता फोटो." मी म्हणालो, अजून एक दिवस. अव्वा म्हणाली, "आज जवारीची पूजा करू का मग?"

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना आत धप्पकन आवाज झाला. हुक रंगाचा पापुद्रा घेऊन खाली आला होता आणि खोलीभर ज्वारी. अव्वा पाय वर घेऊन पलंगावर बसली होती, कुठंतरी बघत होती. ज्वारी गोळा करायला बायको खाली वाकली, मीही वाकलो. तेव्हा अव्वा शांतपणे म्हणाली, "मी जाते कुर्डुवाडीला. तितं ह्यांना जागा हाय."

मी म्हणालो, "अव्वा, अगं फोटोचं बघतोय ना मी."

"बघ की तू. मी तितं असते, तू बघ हितं."

त्या दिवसापासून माझा खरा गोंधळ सुरू झाला. इतके दिवस भिंतीचा होता, आता अव्वाचा. तिला खरंच फोटोसाठी जायचं होतं, की जायचंच होतं आणि फोटो हे निमित्त? तिथं तिचं अंगण होतं, गाड्यांचे आवाज होते, हाक मारली तर ओ देणारी शेजारीण होती. इथं तिसरा मजला, बंद दारं, दुपारभर कुणाचा आवाज नाही. मी फोटो लावला आणि तरी तिनं ट्रंक उघडली नाही तर? मग तर विचारायलाही काही उरणार नाही. मधूनच मला असं वाटायचं, की भिंत खिळा घेत नाही हेच बरं आहे, निदान तोवर अव्वा वाट बघत थांबलेली तरी आहे. लगेच वाटायचं, हा काय विचार झाला? मला स्वतःचा राग यायचा, भिंतीचा यायचा, आणि खरं सांगायचं तर फोटोतल्या माणसाचाही यायचा. आयुष्यभर डोळे मिटून बसला होता, आणि आता नेमकी त्यालाच जागा हवी होती.

ड्रिल मशीन हा उपाय सगळ्यांना माहीत होता, मलाही होता. पण बायकोला तो नको होता. तिनं भांडण केलं नाही. फक्त कुणी मशीनचं नाव काढलं की ती तिथून उठून जायची, आणि मला कारण माहीत होतं. भिंतीला भोक पाडायचं म्हटलं की तिला गल्लीतली ती घरं आठवतात. एका बाजूला अव्वा, एका बाजूला ही, आणि दोघींचं बरोबर.

ती कोंडी तिनंच फोडली. अव्वानं एके सकाळी लुगड्यांवर औषधाची पिशवी ठेवून ट्रंक बंद केली आणि मला गाडीची वेळ विचारली. मी "बघतो" म्हणून चपला शोधायला लागलो. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "गाडी नंतर बघा. मशीनवाल्याला फोन करा." "भोकानं घर पडत असतं तर कुणी खिडक्या ठेवल्या असत्या का?" ती म्हणाली. तिचा चेहरा मात्र बोलण्याइतका निश्चिंत नव्हता.

मशीनवाला दुपारी आला. त्याला दुसऱ्या कामाची घाई होती. "कहां मारू काका?" त्यानं विचारलं. मी भिंतीवर पेन्सिलीनं इतक्या खुणा करून ठेवल्या होत्या, की त्यातली खरी कुठली ते मलाच आठवेना. बायको म्हणाली, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर हवा. अव्वा म्हणाली, "माझा हात पोचाया पायजे." मी वर बोट दाखवलं, मग खाली, मग मधे. अव्वा काठी टेकत उठली, भिंतीपाशी गेली आणि हात उंच करून पंजा भिंतीवर ठेवला. "हितं."

मशीन सुरू झालं. घर थरथरलं असं मी म्हणणार नाही, पण कपाटातली भांडी वाजली. बायको शेजारच्या खोलीत गेली होती. मी दारातून डोकावलं तर ती त्याच भिंतीच्या पलीकडच्या बाजूला दोन्ही तळहात लावून उभी होती. एवढ्यात मशीनचा आवाज बदलला, कर्कश झाला, आणि मशीनवाल्यानं हात मागं घेतला. "अंदर सळी लगी काका. इदर नै जाता. बाजू में लेताउं." भोक जेमतेम पेराएवढं झालं होतं. तो हातभर सरकला आणि पुन्हा मशीन चालवलं. या वेळी ते आत गेलं. भोकात प्लॅस्टिकची गट्टू, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी नळी ठोकली, स्क्रू पिळला, लोंबकळून दाखवतो म्हणाला, मी नको म्हणालो.

फोटो लागला. मी हलवून पाहिला, बायकोनं हलवून पाहिला. जागचा ढळला नाही. भिंतीवर पिठासारखा पांढरा धुरळा होता, तो बायकोनं ओल्या फडक्यानं पुसला. फोटोच्या शेजारी ते अर्धवट भोक तेवढं उघडं दिसत होतं. मी मशीनवाल्याला म्हणालो, "ते पुट्टीनं बुजवून टाका जाता जाता."

"बुजवू नको," अव्वा म्हणाली.

मला वाटलं, तिला वाटतंय जास्तीचे पैसे पडतील. मी म्हणालो, "अव्वा, वाईट दिसतं ते."

"ऱ्हाऊ दे. तितं मी."

मला खरंच कळलं नाही. मी विचारलं, "तिथं तू काय?"

"ह्यांच्या शेजारी," ती म्हणाली. "पुन्हा तुला मशीनवाला हुडकत फिराया नको. एका फोटूला एवढा येळ लावलास तू, माझ्या टायमाला कुटं फिरशील?"

मशीनवाल्याला मराठी चांगलं कळत असणार, कारण तो वायर गुंडाळायचा थांबला. मग त्यानं माझ्याकडं न बघता छोटी गट्टू काढली, त्या अर्ध्या भोकात ठोकली आणि वर आखूड स्क्रू बसवला. "भारी चीज नै चलती इसपे, अम्मा," तो म्हणाला. "हलका कुछ लगाना."

"मी कुटं जड हाय?" अव्वा म्हणाली.

बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मला राग आला होता की रडू आलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. असं कुणी बोलतं का? भरल्या घरात, भरदुपारी, परक्या माणसासमोर? मी काहीतरी रागावून बोलणार होतो, पण अव्वा खाली वाकून ट्रंक ओढत होती. तिनं कडी काढली आणि सगळी लुगडी बाहेर काढून पलंगावर रचली. "कपाटाचा खालचा कप्पा दे मला," ती म्हणाली. "वरच्याला हात पोचत न्हाय."

मला हवं होतं ते मिळालं होतं. अव्वा राहणार होती. ती कुर्डुवाडीचं नाव पुन्हा काढणार नव्हती. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण तो त्या स्क्रूकडं बघत झाला. किती दिवसांसाठी राहणार, हेही तिनं "तितं मी" म्हणताना सांगून टाकलं होतं.

संध्याकाळी ती मला म्हणाली, "तोवर कॅलेंडर लाव तितं. फ्रीजवरचं मला वाचाया येत न्हाय." मी कॅलेंडर आणून लावलं. तेव्हापासून एक तारखेला ती स्वतः उठून पान उलटते. आधी काचेवर विभूती ओढते, मग शेजारी पान उलटते. मधे एकदा तिनं मला मोबाईल घेऊन बोलावलं आणि खिडकीपाशी खुर्चीत बसून फोटो काढून घेतला. "डोळे उगडे हाईत का बघ नीट," ती म्हणाली. "ह्यांच्यावानी नको." उघडे होते. चांगले रोखून बघत होते. तो फोटो मोबाईलमध्येच आहे. चौकट करून आणायला ती सांगते आणि मी विसरतो.

डिसेंबर संपला. एक तारखेला सकाळी मी तिच्या खोलीत चहा घेऊन गेलो, तर तिनं जुनं कॅलेंडर काढून कपाटात कागद म्हणून अंथरलं होतं. वडिलांच्या शेजारी स्क्रू मोकळा होता. आमच्या घरात कॅलेंडर कधी विकत आलेलं नाही. कोपऱ्यावरचा वाणी दरवर्षी फुकट देतो, पण यंदा त्याची अजून छापून आली नव्हती. चार दिवसांत येतील, तो आदल्या दिवशीच म्हणाला होता. मी चहा ठेवला, शाळेला उशीर झाल्यासारखी घाईनं गाडी काढली, आणि शाळेच्या वाटेवर नसलेल्या एका दुकानातून कॅलेंडर विकत घेऊन परत आलो.

"इकत आणलंस?" अव्वा म्हणाली. "वाणी देतोय की फुकट. चार दिस दम धरवंना व्हय तुला?"

"नाही धरवला," मी म्हणालो, आणि कॅलेंडर अडकवलं.